किलफॅरनांची वंशावळ, मुक्काम लोद

जिरं संपतं, कोकम संपतं, किस्से संपत नाहीत. इस्रायलमधल्या लोद गावच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक पावशेर मसाला नेतं आणि अच्छेर गोष्ट ठेवून जातं! बासष्ट-त्रेसष्ट सालातला माझा सगळ्यात मोठा साठा शालोममामांचा.

मामा पुण्याच्या कॅम्पात एका आयरिश कर्नलकडे बावीस वर्षं बटलर होते. कर्नल म्हणजे साधी असामी नव्हे, सातवा लॉर्ड किलफॅरन! त्याच्या जेवणघरात काचेच्या फ्रेममध्ये सात पिढ्यांची वंशावळ टांगलेली, बायकांच्या नावांसकट. ती रोज पुसायचं काम मामांचं. इथे आल्यावर मामा विमानतळावर फरशी पुसायला लागले. पण माझ्या बाकावर टेकले, की किलफॅरन सुरू.

*

"पहिल्याला जमीन कशी मिळाली ठाऊक आहे, शेठ? तिथला कायदाच तसा. थोरल्या मुलानं बापाचा कॅथलिक धर्म सोडून राजाचा धर्म घेतला, की बाप जिता असतानाच जमीन मुलाची! यानं घेतला. बाप मरेस्तोवर त्याच्याशी बोलला नाही. राजानं मात्र लॉर्ड केलं."

"आणि आपल्याला काय मिळालं, मामा?"

"आपण कोकणात तेलाचे घाणे चालवले, शब्बाथ म्हणून शनिवारी बैल सोडून ठेवला, धर्म काही सोडला नाही. आपल्याला पण किताब मिळाला की! शनवार तेली!"

*

चौथ्या लॉर्डच्या वेळी बटाटा कुजला. दुष्काळ. वाड्याच्या फाटकाबाहेर माणसं पडलेली आणि आत रोज जेवणाची घंटा. एके दिवशी लॉर्डच्या बायकोनं ती घंटा बंद करवली.

मी म्हटलं, "लाज वाटली असेल बिचारीला."

"छे हो! घंटा झाली की पडलेली माणसं उठून बसायची. ते तिला बघवत नसे."



*

सातव्याचा एकुलता एक मुलगा लढाईत गेला. तार मामांनीच ट्रेमध्ये ठेवून आत नेली. साहेबानं ती वाचली आणि म्हणाला, "शालोम, सूप गार झालंय." बस्स, एवढंच! किताब तिथेच खलास.

"मुलगी होती ना त्याला?" मी विचारलं.

"मुलीकडून किताब चालत नाही, शेठ."

"घ्या! आणि इथे आईकडून आल्याशिवाय काही चालत नाही!"

मी हसलो. मामा हसले नाहीत. माझी जीभ चावली गेली.

*

कारण मामांच्या लेकीचं, सिपोराचं, लग्न तिथेच अडलं होतं. ज्यूपण इथे आईकडून मोजतात, म्हणून त्या दिवसांत आम्हा बेने इस्रायलांना, कोकणातल्या ज्यूंना, लग्न नोंदवायचं तर रब्बींच्या कचेरीत विचारत, मुलीची आई कोण, तिची आई कोण, तिचीही आई कोण, जाईल तितकं मागे. सिपोराची आई इथल्या पहिल्याच हिवाळ्यात वारलेली. विचारायचं कोणाला?

"सासूचं नाव?" पहिल्या खेपेला कारकुनानं विचारलं.

"आय म्हणायचे सगळे."

"तिच्या आईचं?"

"थोरली आय."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचं. पोर झालं की तेही जायचं, उरायची नुसती अमक्याची आय. कोकणातल्या आमच्या जुन्या थडग्यांवर तर अक्षरसुद्धा नाही, नुसता धोंडा!

दोनदा परत पाठवलं, दोनदा लग्नाची तारीख मोडली. मुलाकडचे म्हणाले, "आता तिसऱ्यांदा नाही थांबणार." सिपोरा आठवडाभर बापाशी बोलली नाही.

*

तिसऱ्या खेपेला साक्षीदार म्हणून मी बरोबर. मामांना हिब्रू धड येत नाही, मध्ये दुभाषी म्हणून सिपोरा. कारकुनानं फाइल उघडली. "आईकडच्या बायकांची नावं?"

मामा उठले. कोटाचं बटण लावलं, जेवण वाढायला उभं राहावं तसे ताठ झाले आणि न अडखळता म्हणाले, "रेचल. तिच्या मागे लीया. सुझाना. ज्युडिथ. रिबेका. हॅना. सारा."

सात! कारकून लिहिता लिहिता थांबला. चष्मा काढला. म्हणाला, "इतकी वर्षं इथे बसतो, असं घराणं पाहिलं नाही. यांना एवढं पाठ कसं?"

सिपोरानं मराठीत विचारलं.

मामा म्हणाले, "बावीस वर्षं रोज सकाळी फडक्यानं पुसलीत, साहेब."

सिपोरा क्षणभर बापाकडे बघत राहिली. मग कारकुनाकडे वळून हिब्रूत म्हणाली, "आजीनं पाठ करून घेतली, म्हणतात."