डोक्यातलं लोखंड

मी आज जो काही आहे तो कोयनानगरच्या माझ्या आत्यामुळे. ती स्वतः चौथी शिकलेली. मला तिनं पाचवीपासून आपल्याकडे ठेवून घेतलं, धरणाच्या वसाहतीतल्या शाळेत घातलं आणि जमीन हादरली की माझ्याआधी माझं दप्तर घराबाहेर काढलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर तिनं असा घडवला.

या पदवीधरानं मग काय केलं? कुपवाडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायची नोकरी धरली आणि तिसऱ्या वर्षी अंथरूण धरलं. दात घासायला उठणं म्हणजे कुंभार्ली घाट चढणं वाटायचं. कारखान्यात सल्ल्याला तोटा नव्हता. ‘लगीन कर गड्या.’ ‘पहाटं पळत जा.’ एकानं तर थेट विचारलं, ‘तुला कमी काय हाय रं?’ मी प्रामाणिकपणे विचार केला. कमी काहीच नव्हतं. फक्त जगायची इच्छा तेवढी नव्हती, आणि ती कारखान्याच्या स्टोअरमध्ये मिळत नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी दोन औषधं बदलून पाहिली आणि मग चुंबकाचे उपचार सुचवले. भूल नाही, शॉक नाही. खुर्चीत बसायचं, कपाळाच्या डाव्या बाजूला मशीन टेकवायचं आणि सुतारपक्ष्यानं झाड समजून टोचावं तसं टक टक ऐकत राहायचं. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. गुण सगळ्यांनाच येतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी मशीनवरच्या ताईंनी फॉर्म भरून घेतला: डोक्यात, डोळ्यात कधी धातू गेलाय का? मी छातीठोकपणे ‘नाही’ लिहिलं. मग जोर ठरवण्यासाठी त्यांनी मशीन डोक्यावर इकडं-तिकडं सरकवलं आणि माझा उजवा अंगठा आपोआप उडाला. सही ठोकणाऱ्या पहिल्या पदवीधराचा अंगठा शेवटी दुसऱ्याच्याच हुकमावर हलला.

आत्याला फोनवर एवढंच म्हणालो, ‘डोक्याला चुंबक लावत्यात.’

ती म्हणाली, ‘कण गेला व्हय रं डोळ्यात?’

लेथवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कण जातो आणि डॉक्टर तो चुंबकानं ओढून काढतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी लेथवर नाही, कॉम्प्युटरवर काम करतो, हे तिला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, ‘व्हय.’

दोन दिवसांत मी नातेवाइकांत जखमी वीर झालो. मन आजारी आहे म्हटलं असतं तर आळशी ठरलो असतो. डोळ्यात लोखंड गेलं म्हटल्यावर कष्टाळू ठरलो. आत्यानं तुपाचा डबा पाठवला. तिसऱ्या आठवड्यात मात्र तिला शंका आली. ‘आरं, किती लोखंड गेलंय तुझ्या डोक्यात? अख्खी पहार हाय का काय?’

चौथ्या आठवड्यात एक दिवस मी कंटाळून गेलोच नाही. ताईंनी चौकशीसाठी फॉर्मवरच्या नातेवाइकाचा, म्हणजे आत्याचा, नंबर लावला. आत्या म्हणाली, ‘आवं बाई, त्याच्या डोक्यातलं लोखंड निघालं का न्हाई अजून?’

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मशीनवर कापड घातलेलं. ताई माझ्याकडे मी बॉम्ब असल्यासारख्या बघत होत्या. ‘डोक्यात लोखंड असताना हे मशीन लावलं तर काय होईल, कळतंय का तुम्हाला?’ उपचार बंद. नुकतीच मला भूक लागायला लागली होती, आणि माझ्याच एका ‘व्हय’नं खुर्ची गेली. एक्स-रे झाला. डोकं रिकामं निघालं, याचं कारखान्यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘उद्यापासून पुन्हा सुरू करू. पण घरी खरं सांगा. उरलेले दिवस पार पाडायला घरचं माणूस लागेल.’

तेवढ्यात आत्याचा निरोप आला: सोमवारी ती येणार होती, डोळ्याला चष्मा न देणाऱ्या मालकाला जाब विचारायला. फोनवर ती मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहिलं.

‘तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

मालकाला काही बोलू नको. माझ्या डोळ्यात कण गेला नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो. मला जगू नये असं वाटत होतं. रोज. कारण काही नव्हतं. तुझं काही चुकलं नाही. तो आजार आहे आणि चुंबक त्याच्यासाठी आहे.

तू एवढं शिकवलंस आणि हे असं झालं, याची लाज वाटली म्हणून बोललो नाही.

परवा मेसची आमटी खारट होती आणि मला राग आला. पुष्कळ महिन्यांनी आला. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे.

अजून दोन आठवडे राहिलेत. एकट्यानं जायला जमेल असं वाटत नाही. सोमवारी येच. कारखान्यात नको, दवाखान्यात ये आणि माझ्याजवळ बस.

तुझा भाचा’