मामांनी वाटलेली मशीनं

मामांच्या देखत कुणी स्वतःला शिकाऊ म्हटलेलं त्यांना खपत नसे. "शिकाऊ काय गो? हातात कानस आहे ना? मग तू कामगार," म्हणत आणि पुन्हा लोखंड घासायला लावत. राज्याच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या अलीकडे आमचा कारखाना; तिथे ॲप्रेंटिस पोरापोरींना काम शिकवणारे ते फोरमन, सगळ्यांचेच मामा. डहाणूच्या किनाऱ्याकडे त्यांची चिकूची वाडी होती.

जीभ मात्र फटकळ. माझा पहिला तुकडा उजेडात धरून त्यांनी विचारलं, "ही भाकरी थापलीस का? कडेला जाड, मध्ये पातळ?" मी रडवेली झाले. दुपारी मुकाट्याने त्यांच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी माझ्या डब्यात आली.

दसऱ्याला कायम कामगार आपापल्या मशीनची पूजा करत आणि आम्ही कडेला उभे राहून पेढे खात असू. मामांनी ते बंद केलं. प्रत्येक ॲप्रेंटिसला एकेक मशीन नेमून दिलं आणि हार घालायला लावला. "ज्यानं पूजा केली, मशीन त्याचं," म्हणाले. माझ्या वाट्याला कोपऱ्यातलं लेथ आलं. त्या दिवशी मला खरंच वाटलं, आपण इथल्याच झालो.

पुढे ऑर्डरी आटल्या आणि आमचं खातं बंद झालं. त्याच महिन्यात आमची ॲप्रेंटिसशिपची मुदतही संपली. कायम कामगारांना हिशोब, म्हणजे कामावरून कमी केल्याची भरपाई, मिळाला. आमचा काय? मला फार नको होता, जुनी स्कूटर घेण्यापुरता मिळाला तरी पुरे. राज्याच्या हद्दीपलीकडच्या कारखान्यांत कामं आहेत, पण आमच्या पाड्यावरून पहिल्या पाळीला पोचवणारी गाडी नाही. मामा ठामपणे म्हणाले, "मिळणार. नाही कसा मिळत?"

ते आम्हाला पालघरच्या कामगार कार्यालयात घेऊन गेले. साहेब भला माणूस. सगळं ऐकून म्हणाला, "शिकाऊ उमेदवार कायद्यानं कामगारात मोडत नाहीत. मध्येच काढलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मुदत पुरी झाली, करार संपला. नोकरी द्यायचं बंधन नाही, भरपाईही नाही."

"पण साहेब," मामा म्हणाले, "दसऱ्याला यांनी मशीनची पूजा केलीय."

साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. त्याने आमच्यासाठी चहा मागवला. मामांचा कप तसाच राहिला.

पंधरवड्याने मामा चिकूची पेटी घेऊन आमच्या पाड्यावर आले. आईने खाट टाकली. ते बसले आणि पेटीतले पिकलेले चिकू निवडून वेगळे काढू लागले. मग म्हणाले, "मी तुम्हाला खोटं सांगितलं का गो?"

"नाही मामा," मी म्हटलं. ते खरंही होतं. काम त्यांनी खरंच शिकवलं होतं. पण माझ्या उत्तराने त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

उठताना म्हणाले, "कुठे लागलीस की फोन कर हां. मी येईन, तुझं मशीन बघून जाईन."

अजून मी फोन केलेला नाही.