वाकू नको

कमरेवर हात ठेवून चालणारी बाई दिसली, की आमच्या सोसायटीत एकच प्रश्न येतो, "काय, गुड न्यूज?" माझं एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन झालं होतं. गुड न्यूजची वाट बघून आम्ही नवराबायको आधीच दमलो होतो. आणि कंबर तर अशी धरायची, की खाली पडलेली किल्ली उचलायलाही नवऱ्याला हाक मारावी लागे.

सानपाड्याच्या बाजारात जमिनीवर टोपली मांडून बसणाऱ्या मासेवालीने मात्र वेगळंच विचारलं, "कुठं दुखतं गो बाय?"

मी पाठीला खालच्या बाजूला हात लावून दाखवला. मासा घ्यायचा तर वाकून त्याचा कल्ला उघडून बघायला हवा, आणि मला वाकता येईना. तशी तीच गुडघ्यावर हात दाबत, कण्हत उठली. "तू नको वाकू. मावरं वर येल," म्हणत तिने पापलेटचा कल्ला माझ्या डोळ्यांसमोर उघडून धरला.

पुढे मी लांबून दिसले, की ती उठायलाच लागायची. मी नको नको म्हटलं, की मलाच दटावायची.

परवा गेले ती सरळ तिच्या टोपलीपुढे उकिडवी बसले. ती सवयीने पापलेट घेऊन आधीच उभी राहिली होती.

"मंग मी पन बसतंय," म्हणाली, आणि बसताना आधाराला तिने माझा खांदा धरला. भार चांगलाच होता. कमरेने तो घेतला.