लाल खेकडा

पुण्याच्या एका प्रकाशन संस्थेतून संपादक मॅडमचा फोन आला, तेव्हा मी मोहाडीच्या शाळेत मुलांच्या वह्यांतली डोंगर-सूर्य-झोपडी तपासत होते. तीस वर्षं चित्रकला शिकवून माझ्या हाताला जे लागलं ते हेच, डोंगर-सूर्य-झोपडी. नागपूरच्या एका प्रदर्शनात मॅडमनी माझं चित्र पाहिलं होतं. शेताच्या धुऱ्यावर उकिडवी बसलेली मुलगी, हातात दोरी, दोरीला लटकलेला खेकडा. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे पावसाळ्यात पोरं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, असे खेकडे धरतात आणि धरताना एक गाणं म्हणतात. मग मी ते फोनवरच म्हणून दाखवलं.

केकड्या केकड्या, भाईर ये,
बांधीत पाणी, पाहून घे.
दोरीले केकडा झुले,
एक नांगी तुले, एक नांगी मले,
उरला रस्सा
रुसल्या पोराले.

मॅडमना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, की मातीतलं काहीतरी त्या बरेच दिवस शोधत होत्या. चित्रं मीच काढायची, पुस्तक त्या छापणार. माती या शब्दावर मी भुलले. पुण्यात तो शब्द कशासाठी वापरतात हे मला ठाऊक नव्हतं.

शब्द पक्के करायला मी अड्याळला थोरल्या बहिणीकडे गेले. लहानपणी खेकडे आम्ही दोघींनीच धरलेले. तिचं लग्न शेतकऱ्याच्या घरी झालं, ती तिथेच धान लावत राहिली, मी डी.एड. केलं. शेवटच्या ओळीत मला 'रडत्या पोराले' आठवत होतं. ताई म्हणाली, रडत्या नाही, रुसल्या. रडणाऱ्याला कोण रस्सा देतो, त्याला धपाटा मिळतो. मग तिने विचारलं, हे छापून कोण वाचणार? मी म्हटलं, शहरातली मुलं. तिला शहरातल्या मुलांची दया आली असावी, कारण तिने मला सगळं गाणं पुन्हा एकदा सावकाश म्हणून दाखवलं.

दिवाळीपर्यंत मी चित्रं पुरी केली. बांधीतलं गढूळ पाणी, त्यात उलटं दिसणारं आभाळ. फ्रॉक कमरेला खोचलेली मुलगी, तिच्या पोटऱ्यांवर सुकलेला चिखल. खेकडा आमच्या मातीच्या रंगाचा, तपकिरी, पोटाकडे जरा पिवळट. शेवटच्या पानावर चुलीवरचं गंज, म्हणजे रश्श्याचं पातेलं, वर आलेली नांगी, आणि कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेला रुसका पोर, ज्याचं नाक मात्र गंजाकडे वळलेलं आहे. तो पोर मला आजही जमलेला वाटतो.

चित्रं पाहायला मॅडम आणि त्यांची डिझायनर अशा दोघी आल्या. मी त्यांना वरठीच्या स्टेशनवर घ्यायला गेले आणि अड्याळला ताईकडे घेऊन आले. दोघींच्या अंगावर हातमागाच्या साड्या आणि मोठ्या कुंकवाच्या टिकल्या; खेड्यात यायचं म्हणून खास केलेला तो पेहराव होता. अड्याळला मैत्रिणीच्या लग्नातही बाया असं नटत नाहीत. तलावाच्या पाळीवर उभं राहून त्यांनी बरेच फोटो काढले. मग डिझायनरने विचारलं, इथे नारळाची झाडं नाहीत का? मी म्हटलं, नाहीत, मोहाची आहेत. तिचा चेहरा पडला. खेकडा म्हटला की मुलांच्या डोक्यात समुद्र असतो, असं ती म्हणाली. समुद्र इथून किती लांब आहे हे तिला ठाऊक नसेल असं नाही, पण ती अडचण समुद्राची आहे, आपली नाही, अशा सुरात ती बोलत होती.

ताईने त्यांच्यासाठी खेकड्याचा रस्सा केला होता. सकाळपासून पाट्यावर वाटत बसली होती. दोघींनी त्याचाही फोटो काढला, तो किती अस्सल दिसतो आहे हे एकमेकींना सांगितलं, आणि सोबत आणलेली केळी खाल्ली. ताईने रस्सा झाकून ठेवला आणि त्यांना ताक दिलं. तेही अस्सल निघालं.

चित्रं त्यांनी अगदी हळू उलटली. छान, छान, म्हणत गेल्या. शेवटच्या पानापाशी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पान पुन्हा झाकलं.

महिन्याभराने फोन आला. मॅडमचा आवाज मऊ होता. बालमानसाच्या एका तज्ज्ञ बाईंना चित्रं दाखवली होती, आणि तज्ज्ञ बाईंचं म्हणणं असं पडलं की पुस्तकात ज्याच्याशी मुलांची मैत्री होते त्याला शेवटी शिजवता येत नाही. शिवाय दोरी म्हणजे बंधन. तपकिरी रंग मुलांना उदास करतो, तेव्हा खेकडा लाल करावा. मी विचारलं, आमचा जिवंत खेकडा लाल कुठे असतो? लाल होतो तो शिजल्यावर. म्हणजे मुलांना उकडलेला खेकडा चालतो, फक्त तो नाचत असला पाहिजे. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार विनोदी आहात हो."

मी विनोद करत नव्हते.

मग भाषेचं निघालं. 'मले-तुले' महाराष्ट्रभर कळणार नाही, म्हणून 'मला-तुला' करायचं. मी म्हटलं, मग 'झुले'शी जुळणार नाही. त्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. त्यांनी वाचून दाखवलं:

दोरीचा केला झुला,
एक फूल तुला, एक फूल मला.

खेकडा झोक्यावर बसून फुलं वाटणार होता, नांगीने. मी सांगितलं की असलं मी काढणार नाही, आणि हे गाणं आमचं आहे, ते असं कापता येणार नाही.

"पण लोकगीत कोणाचं नसतं ना," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "ते सगळ्यांचं असतं."

सगळ्यांचं, म्हणजे त्यांचं. माझी चित्रं कुरियरने परत आली. एकावर चहाच्या कपाचं गोल वळं होतं.

पुस्तक दुसऱ्या कुणाकडून चित्रं काढून घेऊन निघालं. मुखपृष्ठावर लाल खेकडा, मागे नारळ, आणि खाली 'झाडीपट्टीतील पारंपरिक बालगीत'. आत आमच्या झाडीपट्टीतला एक शब्द नव्हता. त्याला कुठलंसं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पुस्तकातल्या मातीच्या गंधाचं कौतुक केल्याचं मी वाचलं. नारळाखालची वाळू असणार ती.

पुढच्या हिवाळ्यात अड्याळच्या एका शाळेने स्नेहसंमेलनाला मला पाहुणी म्हणून बोलावलं. गाण्याशी माझा काही संबंध आहे एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. ताईलाही मी सोबत नेलं; आम्हा दोघींना मंचाच्या कडेला बसवलं. पोरं पुठ्ठ्याच्या लाल नांग्या बांधून आली आणि 'एक फूल तुला' म्हणत मंचावर आडवी आडवी चालली. ज्यांच्या बापांच्या बांधीत दर पावसाळ्यात खेकडे निघतात अशी ती पोरं, कागदी फुलं वाटत होती. पालक टाळ्या वाजवत होते. मला बोलायला उठवलं तेव्हा मी भाषण केलं नाही. मूळ गाणं कसं आहे ते सांगून खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं, रश्श्यासकट. समोरची काही पोरं हसली. मुख्याध्यापकांनी पटकन आभार मानले.

मला बसस्टँडवर सोडायला निघालेल्या ताईला मी विचारलं, कसं वाटलं?

"पोट्टे चांगले नाचले," ती म्हणाली. "तू मात्र पोरायले दम देऊन राहिल्यावानी म्हणत होती. केकडा कायले येईन भाईर?"

मला राग आला. एवढी बाजू मी कुणासाठी लढवली, असं मनात आलं. मी म्हटलं, मग तूच उठून म्हणायचं होतं.

"मले कोनी म्हन म्हटलं?"

खरं सांगायचं तर मलाही ते सुचलं नव्हतं. मंचावर मी तिच्या शेजारीच बसले होते.

परवा मॅडमचा पुन्हा फोन आला. माझ्यावर त्यांचा काही राग नाही असं त्यांनी आधी सांगितलं. आता पाळणागीत हवं आहे, आमच्याच भागातलं, अगदी मातीतलं. फक्त त्यात बाळ रडत नसावं.

मी विचारलं, "रडत नसेल तर पाळणा कशाला म्हणायचा?"

त्या पुन्हा हसल्या. विचार करून सांगा, म्हणाल्या. मी विचार न करताच नाही म्हटलं.