केंजेबेकचा ‘तर’ आणि गाणं थांबवणारं मशीन

डीजेच्या मशीनची आणि केंजेबेकची पहिली भेट म्हणजे सरळ मारामारीच झाली, आणि पहिला फटका मशीनने मारला. कझाकस्तानातल्या शिमकेंतच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये असा काही दणका उठला की केंजेबेकच्या कोटाची दोन बटणं उडाली, ताटातल्या मेंढीच्या मुंडक्याने मान वळवून दाराकडे पाहिलं, आणि नव्वदीच्या एका आजीबाईंचा वीस वर्षं बंद असलेला कान उघडला आणि घाबरून पुन्हा मिटला. निदान केंजेबेक तरी गेली दोन वर्षं असंच सांगत आला आहे. फटका बसला तेव्हा त्याच्या हातात माइक होता आणि तोंडात अर्धं वाक्य.

लग्न त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, तोगझानचं. मेजवानीच्या सूत्रधाराने एकेकाला उभं करायचं, त्याने आशीर्वाद द्यायचा, आशीर्वाद संपला की डीजेने गाणं सोडायचं, पाहुण्यांनी मिनिटभर नाचायचं आणि पुन्हा बसून मांसाकडे वळायचं, असं सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. ताराझच्या नऊमजली इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणं हा केंजेबेकचा व्यवसाय, आणि आपला आशीर्वाद त्याने तीन आठवडे लिफ्टखालच्या खड्ड्यात उभं राहून पाठ केला होता. शेवटचं वाक्य होतं, “बाळ, त्या घरी काही कमीजास्त झालं, तर या घराचं फाटक उघडं आहे.” तो ‘तर’पर्यंत आला, त्याचा गळा दाटला, तो क्षणभर थांबला, आणि व्याह्यांनी आणलेल्या डीजेला वाटलं, झालं बोलून.

व्याह्यांच्या बाजूने ऐकलं ते एवढंच, की मुलीचा बाप लाल डोळे करून म्हणाला, त्या घरी काही कमीजास्त झालं, तर.

व्याही तोलेगेन हा पिंपाएवढा आणि आनंदी माणूस. तेव्हापासून दर सणाला त्याचा फोन यायचा. “काय व्याहीबुवा, तर काय? पोलीस आणणार होतात, की स्वतःच येणार होतात पाना घेऊन?”

“समोर या, सांगतो. माइकवर सांगतो,” केंजेबेक म्हणायचा.

कारण चारचौघांत अडकलेलं वाक्य चारचौघांतच सुटायला हवं, असं त्याचं म्हणणं. बायको रौशान म्हणायची की असा घास अडकला असता तर एव्हाना डॉक्टरकडे नेलं असतं.

आणि संधी आली. तोगझानचा मुलगा दिदार पाऊल टाकायला लागला. पोराच्या घोट्यांना काळापांढरा दोर बांधायचा, चपळ बाईच्या हातून तो कापायचा आणि पांढऱ्या कापडावरून पोराला चालवायचं, हा सोहळा खरा व्याह्यांकडे व्हायचा. पण त्यांचं घर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून तो आजोळी ठरला. केंजेबेकच्या अंगणात. सत्तर माणसं.

“डीजे सांगून ठेवा कुणीतरी चांगला,” रौशान म्हणाली.

“माझ्या घरात गाणं कधी थांबायचं ते मी ठरवणार. मशीन मी घेणार.”

“तुम्हाला फोनची रिंग बदलता येत नाही.”

“लिफ्ट कळते मला. तिच्यातही वर, खाली आणि थांब एवढंच असतं.”

दुकानात झाझिरा नावाची मुलगी होती. तिने आधी विचारलं, “काका, घरच्या पार्टीसाठी ना? किती माणसं?”

“घरचीच. सत्तर.”

झाझिराने त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि चार कंट्रोलर मांडले. शिकाऊ माणसाला दोन तबकड्यांचा पुरे, म्हणाली. हा लॅपटॉपला जोडायचा, हेडफोन इथे लावायचा, म्हणजे पुढचं गाणं आधी तुम्ही एकटे ऐकता आणि मग या गाण्यात ते गाणं अलगद मिसळता. “एक संपलं कधी आणि दुसरं लागलं कधी, कुणाला कळतच नाही. सगळी कला त्यातच आहे, काका. थांबायचंच नाही.”

“मला थांबवायचंय.”

“काय थांबवायचंय?”

“गाणं. बटण दाबलं की तिथल्या तिथे. मजल्याला एक बोट वरखाली चालणार नाही.”

झाझिराने एक महागडं मशीन परत खोक्यात घातलं. उरलेल्या तिन्हींची थांबायची बटणं केंजेबेकने अंगठ्याने, कोपराने आणि डोळे मिटून दाबून पाहिली. शेवटी त्याने सगळ्यांत लहान मशीन निवडलं. त्याचं बटण बशीएवढं होतं, गाणं सुरू आणि बंद दोन्ही त्यानेच व्हायचं, आणि दाबलं की ते हिरवं चमकायचं.

सॉफ्टवेअरचं प्रकरण घरी रंगलं. पहिल्याला सतत इंटरनेट लागे, आणि अंगणात इंटरनेट फक्त कोंबड्यांच्या खुराड्यावर चढलं की मिळे. दुसरं फुकट होतं, पण त्याला कझाक अक्षरं वाचता येईनात. त्या भाषेच्या खास अक्षरांच्या जागी ते चौकोन काढायचं. त्यामुळे लेक सासरी जातानाचं गाणं आणि मयताच्या घरचा विलाप दोन्ही शेजारी शेजारी, सारखेच चौकोन होऊन बसले.

“यातलं कुठलं लावणार?” रौशानने विचारलं.

“अंदाजाने.”

“अंदाजाने नातवाचं मयत कराल.”

तिसरं निवडलं, कारण त्याला अक्षरं येत होती. त्याला आणखीही बरंच काही येत होतं. त्यात दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवायचं बटण होतं. केंजेबेकने आईवरचं एक संथ गाणं लावलं आणि ते बटण दाबलं, तर मशीनने ते गाणं घोडदौडीची नक्कल करत नाचायच्या घोड्याच्या नाचाच्या वेगाने पळवलं. रुमाल काढून रडायच्या तयारीने बसलेली रौशानची आई उठून खांदे उडवायला लागली. तिला ते फार आवडलं. केंजेबेकने त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

मग पंधरा दिवस तालीम. रौशान पळी तोंडाशी धरून सूत्रधार व्हायची, “आता बोलतील पोराचे आजोबा,” म्हणायची, आणि केंजेबेक गाणं कापायचा. धारदार सुरीने कापल्यासारखं. पंधराव्या दिवशी शेजारचा कुत्रासुद्धा मध्येच भुंकायचा थांबला.

सोहळ्याच्या दुपारी सगळं जमून आलं. तोलेगेनने मशीनभोवती एक फेरी मारली, नवीन वस्तू पाहिल्याची भेट म्हणून एक चॉकलेट त्याच्यावर ठेवलं आणि म्हणाला, “आज कळणार म्हणे आम्हाला. तर काय ते.”

“कळेल.”

पांढरं कापड अंथरलं. पोराने काय उचलावं म्हणून टोकाला पुस्तक, चाबूक आणि दोंब्रा हे दोन तारांचं वाद्य ठेवलं. दोर कापला. केंजेबेकने बटण दाबलं. लिफ्ट मजल्याला लागावी तसं गाणं थांबलं. तो मशीनपासून उठला, माइक घेऊन लेकीसमोर उभा राहिला.

“तोगझान, बाळ,” तो म्हणाला. “त्या घरी काही कमीजास्त झालं, तर…”

इथे त्याचा गळा दाटला. पंधरा दिवस सगळ्याची तालीम झाली होती, गळ्याची सोडून.

त्या थांबलेल्या क्षणात दिदारने पुस्तक ओलांडलं, चाबूक ओलांडला, दोंब्र्यावर पाय दिला, आणि आयुष्यातली पहिली सलग सात पावलं टाकत तो हिरव्या, चमकणाऱ्या, बशीएवढ्या बटणापाशी पोचला.

घोड्याचा नाच लागला. माणसं उठली. विहीणबाईंनी केंजेबेकच्या हातातला माइक काढून टेबलावर ठेवला आणि त्याला नाचात ओढलं. तोगझान नाचत नाचत बापाजवळ आली आणि कानात ओरडली, “बाबा, तर काय?”

“उघडं आहे!” केंजेबेक ओरडला.

“काय उघडं आहे?”

तोलेगेनने ते शेजारून ऐकलं, केंजेबेकच्या पँटकडे पाहिलं, आणि व्याह्याची अब्रू झाकावी म्हणून मोठ्या मायेने त्याच्यापुढे आडवा नाचू लागला. केंजेबेकने मान खाली घालून तपासलं. चेन बंद होती.

गाणं संपेपर्यंत दिदार दोन्ही हातांनी मशीनला मिठी मारून बसला होता. सोडवायला गेलं की किंचाळायचा. तीनदा सोडवलं, तीनदा किंचाळला. तोलेगेनने हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “व्याहीबुवा, लेकीच्या पोराने आजोळी तीनदा मागितलं.”

आता लेकीच्या पोराने तीनदा मागितलेलं आजोळ नाही म्हणू शकत नाही, हे सत्तर माणसांना ठाऊक होतं. सत्तर माणसं केंजेबेककडे पाहत होती. त्याने चिकटपट्टी काढली, वायर गुंडाळली आणि मशीन व्याह्यांच्या गाडीत ठेवलं.

“तर काय, ते राहिलंच,” गाडीत बसताना तोलेगेन म्हणाला.

“पुढच्या वेळी,” केंजेबेक म्हणाला, आणि गाडी बाहेर पडावी म्हणून त्याने फाटक उघडलं.

मशीन शिमकेंतला, तोगझानच्या सासरी आहे. दिदार त्याच्यावर उभा राहून कपाटातली बिस्किटं काढतो.