बादशाही टोपी

नगरातलं ते चायनीज हॉटेल चिनी बादशहाच्या दरबारासारखं सजवलंय. तिथले म्हातारे वेटरबाबा सोनईकडचे. अंगात रेशमी झगा, खोट्या वेणीची टोपी, आणि तोंडी मात्र, "आक्का, तिखट कमी टाकाया सांगितलंय बरं का!"

परवा शेजारच्या टेबलावरच्या एका तरण्या गड्यानं फोटोसाठी त्यांना तीनदा मुजऱ्याला वाकवलं. माझं तर टाळकंच सरकलं! वर आणखी म्हणतो कसा, "परत वाक रे."

बाबांनी टोपी काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "ही हाटेलची हाय, हिला पायजे तेवढं वाकवा. डोस्कं माझं हाय."

मालक धावत आला, बाबांना म्हणाला, "उद्यापासून कामावर येऊ नका!"

मी ताडकन उठले, "मग आम्हीही नाही येणार!"

"बसा आक्का," ते उघड्या डोक्यानं म्हणाले, "सूप निवतंय."