चौरंगावर पाय

न्यूझीलंडात लोअर हटला मुलाकडे आले आणि पहिल्याच दिवशी हॉलमध्ये सोफ्यापुढे चौरंग दिसला. चांगला रुंद, जुन्या लाकडाचा, कडेनं नक्षी. मी हरखून विचारलं, "काय गं, पूजा घातलीत की काय?" सून म्हणाली, "आई, हे कॉफी टेबल आहे. व्हिंटेज, रस्टिक. आपल्या मॉडर्न घरात किती उठून दिसतं ना!"

व्हिंटेज म्हणे! चष्मा लावून वाकून बघितलं, तर फळीच्या फटीत कुंकू बसलेलं. कुण्या बाईनं यावर वर्षानुवर्षं सत्यनारायण मांडला असेल, चार कोपऱ्यांना केळीचे खांब बांधले असतील. आणि आता तो समुद्र ओलांडून इथवर आला, कशासाठी? तर माझ्या चिरंजीवांनी जँडल्ससकट, म्हणजे इथल्या रबरी चपलांसकट, पाय वर टाकून रग्बी बघावी म्हणून!

"पाय काढ."

"आई, फर्निचर आहे गं ते."

"चौरंग आहे."

"होता."

होता! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तुम्ही त्यावर कॉफी ठेवा, पोह्यांच्या बशा ठेवा, माझी ना नाही. चौरंगाला अन्नाचं काय वावडं? पण पाय? तीन आठवडे मी येताजाता त्याची पावलं ढकलत होते आणि तो हसत परत ठेवत होता. सून म्हणायची, "जाऊ दे ना आई, दमून येतो तो." दमला तर झोप म्हणावं, पलंग आहे की घरात!

मग एका शनिवारी शेजारीण आली. माओरी आहे, इथल्या मूळ लोकांतली, माझ्याच वयाची. परसातले फिजोआ, पेरूसारखं फळ असतं ते, पिशवी भरून आणले होते. चिरंजीव तेव्हा चौरंगावर चक्क बसून बुटाची नाडी बांधत होते. तिनं "किया ओरा" म्हणून नमस्कार केला, पिशवी माझ्या हातात दिली आणि त्याच्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "उठ बाळा. खाणं ठेवतो तिथं बूड टेकत नाहीत. आमच्या घरात असतास तर आजीनं फटका दिला असता."

चटका बसल्यासारखा उठला! "सॉरी, सॉरी," काय, फडक्यानं फळी पुसली काय! ती गेल्यावर मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"माझं तीन आठवडे ऐकू येत नव्हतं का रे?"

"आई, त्यांचं कल्चर आहे ते. रिस्पेक्ट करावा लागतो."

"आणि माझं काय आहे? कटकट?"

सून तोंडावर ओढणी धरून आत पळाली. तो म्हणाला, "अगं, तू असं नीट एक्स्प्लेन कुठे केलंस?"

पाय काढ यात एक्स्प्लेन काय करायचं, मला सांगा! त्या दिवसापासून पाय खालीच असतात, मान्य. शेजारणीला मी पुरणपोळ्याही दिल्या, तिचा काय दोष? पण पाय खाली आले ते माझ्या शब्दानं नाही आले. आईचा शब्द घरात फुकट गेला. तो रोज विचारतो, "अजून रागावलीस?" हो, रागावलेय. रागावणार.